जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पंचायत समितीचे कर्मचारी यांच्या तालुका शिबिरात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या शिबिरात पाणीपुरवठा, शाळाखोल्या आणि करवसुली अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर चर्चा झाली. त्या मालिकेत जुन्या मोटारीतील बिघाडाचा विषय काहीसा विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केल्यास हा विषय आपल्या दाराशीच उभा असल्याचे ध्यानात येईल. मारुती ८०० ही लहान मोटार १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत मोटार ही केवळ श्रीमंतांची चैन राहिली नाही. आज शिक्षक, आरोग्यसेविका, दूधसंस्थेचा सचिव किंवा लहान शेतकरी पतसंस्थेचे कर्ज काढून वापरलेली मोटार घेतो. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली असताना अडलेल्या बाळंतिणीला रात्री ग्रामीण रुग्णालयात पोचविण्याचे काम अनेकदा अशाच मोटारीवर येऊन पडते. त्या वेळी ती सुरू न होणे किंवा घाटात दम सोडणे याचा अर्थ काय होतो, हे आपणांस सांगावयास नको.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि तज्ज्ञांचे ज्ञान सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत पोचविणे हे माहिती खात्याचे कर्तव्यच आहे, आणि त्या नात्याने मी आपणांपुढे उभा आहे. गाडी दुरुस्त कशी करावी हे मी सांगणार नाही. ते काम कारागिराचे आहे. दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत कोणती, एवढेच आपण पाहू. कारण जुन्या गाडीवर होणारा पुष्कळसा खर्च हा दुरुस्तीचा नसून चुकीच्या निदानाचा असतो.

निदानाआधी उपचार

माझ्या परिचयाच्या एका प्राथमिक शिक्षकाचे उदाहरण बोलके आहे. डोंगराळ भागातील शाळेवर असलेल्या या गुरुजींनी सुमारे दहा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. काही महिन्यांतच दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी सेल्फ जड फिरे आणि घाट चढताना गाडी ओढत नसे. गॅरेजमध्ये प्रथम बॅटरी बदलण्यात आली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग स्पार्क प्लग बदलले, त्यानंतर पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळी खिसा हलका झाला, दोष मात्र जागच्या जागी राहिला.

अखेर ही गाडी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका निदेशकांच्या दृष्टीस पडली. त्यांनी हत्यार हाती घेण्यापूर्वी प्रश्न विचारले. घाटात गाडी दिवसाही अडते की रात्रीच? गुरुजी विचारात पडले आणि मग त्यांना आठवले की, हेडलाइट आणि पंखा चालू असताना त्रास जास्त होतो. या एका उत्तराने दोन तक्रारींचा धागा जुळला. निदेशकांनी मल्टीमीटरची एक तार इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सेल्फ मारावयास सांगितला. तेथे जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट दिसावयास हवे होते. काटा दीड व्होल्टच्या आसपास गेला. इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून तिचा बोल्ट सैल झाला होता. पट्टी बदलली, जोड घासून स्वच्छ केला, आणि दोन्ही तक्रारी एकदम थांबल्या.

असे का झाले, हे समजून घेणे उद्बोधक आहे. मोटारीत वीज बॅटरीच्या धन टोकातून तारेने जाते, परंतु परत येते ती बहुतांशी गाडीच्या पत्र्यातून व सांगाड्यातून. हा परतीचा रस्ता अरुंद झाला की सर्वच उपकरणे उपाशी राहतात. सेल्फ फिरताना शंभर ॲम्पियरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. जोडात एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाएवढा रोध निर्माण झाला, तरी शंभर ॲम्पियरला एक पूर्ण व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियम येथे रोजच्या व्यवहारात उतरलेला दिसतो. बॅटरीची भरती त्याच मार्गाने होत असल्याने नवी बॅटरीही अर्धपोटीच राहिली. घाटात इंजिनावर जोर पडला की ते आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते. त्यामुळे सैल पट्टी ताणली जाऊन जोड आणखी सुटे. त्यातच हेडलाइटचा भार असला की पेट्रोलच्या पंपाला पुरेसा दाब मिळत नसे आणि गाडीचा पिकअप जाई. दोष विजेचा होता, परंतु तो प्रकट होत होता वेगात.

विजेच्या दोषाची परीक्षा

या उदाहरणावरून निदानाचा एक क्रम हाती लागतो. पहिली तपासणी बॅटरीची. मोटारीच्या बॅटरीत सहा घरे असतात व पूर्ण भरलेल्या अवस्थेत प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. १२.२ च्या आसपास आकडा असेल तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे असे समजावे. सेल्फ मारताना हा आकडा खाली येतो. परंतु तो साडेनऊच्याही खाली घसरू लागला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अवाजवी प्रवाह खेचत आहे.

दुसरी तपासणी अल्टरनेटरची. खेड्यापाड्यांत त्याला अजूनही डायनॅमो म्हणतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम कमीजास्त करतो, हे लक्षात ठेवावे. परंतु इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या खालीच राहात असेल, तर बॅटरी भरली जात नाही. अशा वेळी आधी पट्टा सैल आहे काय आणि मागील जोड पक्के आहेत काय हे पाहावे, आणि मगच अल्टरनेटरला दोष द्यावा.

तिसरी तपासणी चोरट्या प्रवाहाची. गाडी बंद असतानाही घड्याळ व संगणक यांना थोडी वीज लागते. ती साधारणपणे ०.०५ ॲम्पियरच्या आत असावी. लहान गाडीची ३५ ॲम्पियर-अवर क्षमतेची बॅटरी एवढ्या प्रवाहाने रिती होण्यास जवळजवळ एक महिना लागेल. परंतु डिकीतील दिवा जळत राहिल्यामुळे अथवा मागाहून बसविलेल्या टेपरेकॉर्डरच्या चुकीच्या जोडणीमुळे अर्धा ॲम्पियर वाहू लागला, तर तीच बॅटरी तीन दिवसांत संपते. शनिवारी उभी केलेली गाडी मंगळवारी का सुरू होत नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. एकेक फ्यूज काढून प्रवाह कोणत्या वेळी घटतो हे पाहिले की दोषी शाखा हाती लागते.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य वाटते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद बसविण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी आढळते. दहा ॲम्पियरचा लाल फ्यूज किंवा पंधराचा निळा फ्यूज हा त्या त्या तारेचा पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला दूर केले की तार तापते आणि गाडीला आग लागू शकते. फ्यूज उडणे हा दोष नसून दोषाची वर्दी आहे.

पिकअप जातो कोठे?

आता वेगाच्या तक्रारीकडे वळू. गाडी ओढत नाही, या एकाच वाक्यात निरनिराळे दोष दडलेले असतात. इंजिनाची घरघर वाढते, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असे होत असेल तर इंजिन निर्दोष असून क्लच प्लेट झिजली असण्याचा संभव अधिक. सपाटीवर मोकळी सोडलेली गाडी लवकर थांबत असेल आणि प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले लागत असेल, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. जवळून हात नेताच धग जाणवते. चाकाला मात्र हात लावू नये. या दोन्ही गोष्टी पाहण्याआधी इंजिन उघडणे म्हणजे पायात काटा रुतला असता डोळ्यांत औषध घालणे होय.

इंजिनच कमी पडत असेल, तर त्याला तीन गोष्टी वेळेवर मिळतात काय हे पाहावे: हवा, इंधन आणि पेट्रोल गाडीत ठिणगी. आपल्याकडील धुळीत एअर फिल्टर लवकर तुंबतो. त्याची पाहणी मालकालाही करता येते. इंधनाचा फिल्टर तुंबला असेल तर गाडी सपाटीवर नीट चालते आणि चढावर, म्हणजे मागणी वाढताच, मागे पडते. इंजिन एका लयीत न चालता मिस मारीत असेल, तर प्लग किंवा इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीवर अधिक ताण पडतो व ताकदही काहीशी कमी असते. म्हणून तीच गाडी पेट्रोलवर चालवून फरक पाहणे ही उत्तम परीक्षा आहे. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत हवेच्या नळीला चीर गेली, तर शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर अशी दोन लक्षणे बहुधा जोडीने येतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पायाखालचा ॲक्सिलरेटर तारेने इंजिनाला जोडलेला असे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तेथे विद्युत संवेदक असतात. पायाखालील दोन संवेदकांनी दिलेल्या वार्तेत मेळ बसला नाही, की संगणक सुरक्षिततेसाठी इंजिनाची ताकद मर्यादित करतो. मालकाला वाटते इंजिन संपले; प्रत्यक्षात कारण एखाद्या जोडात साचलेला ओलावा किंवा उंदराने कुरतडलेली वायर एवढेच असू शकते.

स्कॅनरचे सांगणे

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली. आजच्या मोटारींत बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा असते आणि इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा हे तिचे बोलणे आहे. डॅशबोर्डखालील सोळा टोकांच्या जोडाला स्कॅनर लावला की सांकेतिक क्रमांक मिळतो. पी ०३०० म्हणजे इंजिन मिस मारीत आहे. पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. परंतु हा क्रमांक तक्रार सांगतो, गुन्हेगाराचे नाव नव्हे. इंधन कमी पडण्याचे कारण पंप असेल, फिल्टर असेल किंवा फाटलेली हवेची नळीही असेल. क्रमांक पाहून लागलीच सुटा भाग बदलणे म्हणजे फिर्याद वाचूनच शिक्षा ठोठावणे. तसेच बॅटरी काढून दिवा विझविला म्हणजे दोष गेला असे नव्हे. गाडी विकत घेताना किल्ली फिरविल्यावर हा दिवा क्षणभर तरी लागतो की नाही हे अवश्य पाहावे. मुळीच न लागणारा दिवा हा पेटून राहणाऱ्या दिव्याहून अधिक संशयास्पद असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण येथे पुराने हाहाकार केला. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार धुऊन पुसून पुढे विकली जाऊ शकते. तिच्या वायरिंगमधील जोड आतून हळूहळू गंजत जातात व दोष कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. यास्तव आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे काय, सतरंजीखाली गाळ आहे काय, आसनाखालील लोखंडी पट्ट्यांना गंज चढला आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

आपली जबाबदारी

बंधु-भगिनींनो, ही माहिती केवळ खाजगी मालकांच्या उपयोगाची नाही. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, घंटागाडी, कार्यालयाची जीप यांच्या दुरुस्तीची बिले आपल्यापैकी अनेकांच्या सहीने मंजूर होतात. ‘बॅटरी बदलली’ असे बिल पुढे आले की, बदलण्यापूर्वी व्होल्टमीटरने काय आकडा दाखविला आणि बदलल्यानंतर काय दाखविला, असा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याच्या कौशल्याचे त्यातून चीज होते. प्रत्येक वाहनासाठी एक साधी वही ठेवावी. तक्रार कधी उद्भवली, त्या वेळी दिवे चालू होते काय, इंजिन थंड होते की तापलेले, रस्ता चढाचा होता की सपाट, आणि कोणता भाग बदलला, एवढे तीत लिहावे. गुरुजींची गाडी ज्या प्रश्नाने सुधारली, त्याचे उत्तर अशा वहीत पहिल्याच दिवशी मिळाले असते.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक विनंती आहे. माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत व्होल्टमीटर असतो. ओहमचा नियम शिकविताना तो एखाद्या दिवशी पटांगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर, जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली लावून दाखवावा. इंजिन बंद असतानाचा आणि चालू असतानाचा आकडा मुलांनी स्वतः वाचावा. त्यांतील काही मुले उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातील आणि गावातच गॅरेज काढतील. आधी मोजावे आणि मग बदलावे ही सवय त्यांना आजच लागली, तर गावातील पुष्कळांच्या कष्टाचा पैसा वाचेल आणि अडल्या रात्री गाडी वेळेवर रुग्णालयाच्या दारी पोचेल.