वावराचा पत्ता कोणाच्या वहीत?

(शेतकरी व विद्यार्थी यांच्या एका शिबिरात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या शास्त्रात सरासरीला मोठा मान आहे. आज मात्र सरासरीविरुद्ध चार शब्द बोलावेत अशी इच्छा आहे.

आमच्या घरची साडेतीन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर तिचा गट क्रमांक एकच. प्रत्यक्षात वरचा तुकडा मुरमाड, मधला मध्यम आणि खालचा खोल काळा, पण पाऊस लागला की चिबडणारा. वडिलांनी या तिघांना तीन नावे दिली होती : माळ, चिंचेचे वावर आणि ओढ्याची पट्टी. बियाणे, खत, पेरणीचा दिवस, सारेच तिन्ही ठिकाणी वेगळे असे. काही वर्षांपूर्वी माती परीक्षणाची पत्रिका घरी आली. तिच्यात तिन्ही तुकड्यांसाठी नत्र, स्फुरद, पालाश यांचा एकेकच आकडा होता. तो ना माळाचा होता, ना ओढ्याच्या पट्टीचा.

हा कोणा कर्मचाऱ्याचा आळस नव्हे. रचनेतलाच दोष आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना, असे प्रमाण ठरले. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे जिरायती भागात सुमारे सात खातेदारांच्या मातीची साक्ष एकच पिशवी देणार!

ज्याला आज अचूक शेती म्हणतात, तिचे मूळ तत्त्व साधे आहे : जेथे जेवढे हवे, तेथे तेवढेच द्यावे. त्यासाठी प्रत्येक नोंदीला जागेचा पत्ता लागतो. अमेरिकेतील मोठ्या शेतांवर १९९० नंतरच्या दशकात कापणीयंत्रांवर उत्पन्नमापक व उपग्रहसंकेत एकत्र आले. मे २००० मध्ये त्या सरकारने नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक काढून टाकली आणि ही विद्या सर्वांना खुली झाली. तथापि शेकडो हेक्टरांच्या शेतासाठी घडलेले हे गणित सव्वा हेक्टराच्या धारणेला जसेच्या तसे लावता येत नाही. खिशातल्या फोनची काही मीटरांची चूक तेथे नगण्य ठरते. आपल्याकडे वाटण्या होऊन उरलेल्या अरुंद पट्टीत तेवढ्याच चुकीने आपले पीक शेजाऱ्याच्या नावावर जाते.

आपल्याकडे नोंदींचा तुटवडा नाही, त्यांचा मेळ नाही. पीकपाहणी गट क्रमांकावर, माती पत्रिका शेतकऱ्याच्या नावावर, उसाची नोंद साखर कारखान्याच्या सभासद क्रमांकावर, पाण्याची पातळी एखाद्या निरीक्षण विहिरीवर, पीकविम्याचे उत्पन्न महसूल मंडळावर. पाच वह्या आणि पाच पत्ते! त्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून ओढ्याची पट्टी दर तिसऱ्या वर्षी का बुडते, याचे उत्तर कोणत्याच वहीत सापडत नाही. मंडळाची सरासरी बरी आली की ज्याचे वावर वाहून गेले, तोही कागदोपत्री सुखी ठरतो.

या वह्या जोडण्याचे काम सुरू झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः वावरात उभा राहून पिकाचे छायाचित्र नोंदवतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. दिशा योग्य आहे. पण दोन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न पायाचा. आपले मूळ नकाशे तेहेतीस फुटी शंकुसाखळीने मोजलेले. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा. ते काम आपल्या काळात थोरच होते; परंतु पुढच्या वाटण्या, सरकलेले बांध आणि बदललेले ओढे त्यांत नाहीत. पाया न तपासता त्यावर उपग्रहाचा इमला चढवला, तर चूक नाहीशी होणार नाही. ती अधिक अधिकाराने बोलू लागेल.

दुसरा प्रश्न माणसाचा. या सगळ्याचा आधार सातबारा. वाटेकरी, नावावर जमीन नसलेली पण वावरात दिवसभर राबणारी स्त्री, यांना त्यात स्थान नाही. माहिती जमिनीची, घाम एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी ही विभागणी होऊ नये.

मग करावे काय? माझी सूचना माफक आहे. ग्रामसभेने शिवाराचा गटनकाशा पुढे ठेवून वावरांची रूढ नावे, मातीचे प्रकार, विहिरी आणि चिबड जागा त्यावर उतरवाव्यात. नमुना गटाचा न घेता मातीच्या तुकड्याचा घ्यावा. प्रत्येक नोंदीबरोबर चार गोष्टी असाव्यात : जागा, तारीख, मोजणारा आणि मोजण्याची रीत. माती व पाणी यांची माहिती गावात खुली असावी. कोणाचे उत्पन्न व कर्ज मात्र त्याच्या संमतीवाचून बियाणे कंपनीला वा सावकाराला कळू नये. एकट्या शेतकऱ्याला ही उपकरणे परवडत नाहीत, गावाला परवडतात. शेजाऱ्याचा आकडा शेजारी ठेवला तरच आपल्या आकड्याला अर्थ येतो. हिवरे बाजारने पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. तेथे यंत्रापेक्षा सर्वांसमोर मांडलेला हिशेब मोठा ठरला.

वडील गेले, आणि वावरांची ती तीन नावे आता घरात मलाच ठाऊक आहेत. ती कागदावर उतरली नाहीत, तर माझ्याबरोबर जातील. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना आज रात्रीच विचारा, आणि लिहून ठेवा.