संयुक्त राष्ट्रसंघाचा कारभार आणि शांतिसेना



दरवर्षी २४ ऑक्टोबर रोजी संयुक्त राष्ट्रदिन पाळण्यात येतो. त्या दिवशी मुले संघाच्या शाखांची नावे घडाघडा म्हणून दाखवितात, परंतु "एका देशाने दुसऱ्यावर स्वारी केली, तर आवर कोण घालणार?" असे विचारताच वर्ग निरुत्तर होतो. वास्तविक याच प्रश्नासाठी संघाचा जन्म झाला.

संघाची सनद १९४५ साली अमलात आली. आमसभेत आज १९३ राष्ट्रे असून लहानमोठ्या प्रत्येकास एकच मत आहे. शांतिरक्षणाची मुख्य जबाबदारी मात्र पंधरा सभासदांच्या सुरक्षा समितीकडे आहे. त्यांपैकी दहा सभासद दोन वर्षांसाठी निवडले जातात; अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन हे पाच कायमचे. महत्त्वाच्या ठरावास नऊ मते लागतात. तथापि या पाचांपैकी एकानेही विरोधी मत दिल्यास ठराव बारगळतो. हाच नकाराधिकार होय. ठरावांची अंमलबजावणी सरचिटणीस करतात. संघाजवळ स्वतःचे सैन्य नाही.

ही घडण प्रत्यक्षात कशी चालते, हे सुएझच्या उदाहरणावरून कळते. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी इस्राएलने इजिप्तवर स्वारी केली. इस्राएलने माघार घ्यावी, हा सुरक्षा समितीपुढील ठराव ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकाराने हाणून पाडला आणि पाठोपाठ स्वतःही हल्ला चढविला. समिती हतबल झाली, तेव्हा प्रश्न आमसभेपुढे गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून शांतिसेना उभारण्याचे ठरले आणि सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी ती काही दिवसांतच उभी केली. भारतासह दहा राष्ट्रांनी सैनिक दिले. आक्रमक सैन्ये टप्प्याटप्प्याने मागे गेली.

परंतु ही सेना इजिप्तच्या संमतीनेच तेथे राहिली होती. मे १९६७ मध्ये इजिप्तने ती संमती काढून घेतली. सेना परतत असतानाच जूनमध्ये युद्ध पेटले आणि तीमधील काही भारतीय जवान प्राणास मुकले.

तेव्हा संघ म्हणजे जगाचे सरकार नव्हे, राष्ट्रे देतील तेवढेच त्याचे बळ, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. बडी राष्ट्रे संघात टिकावीत म्हणून नकाराधिकार दिला गेला. त्यानेच न्यायाची वाटही अडते. तो असावा की नसावा, यावर वरच्या वर्गांत चर्चा घडवावी. शाखांची यादी त्यानंतर फळ्यावर लिहावी. मग ती मुलांना पाठ करावी लागणार नाही.