हेमलकशाची शाळा आणि आपली परीक्षा

(वनवासी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला साह्य करणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वनवासी मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या मिळकतीतील काही भाग वर्षानुवर्षे बाजूला काढणारी कुटुंबे आज येथे एकत्र आली आहेत. आपले आभार मानणे हा उपचार झाला. तो मी थोडक्यात आटोपतो आणि एक प्रश्न आपल्यासमोर ठेवतो. ज्या शाळेला, ज्या वसतिगृहाला आपण साह्य करतो, ते चांगले आहे हे ओळखायचे कसे? निकालाच्या टक्केवारीवरून? नव्या इमारतीवरून? की वार्षिक अहवालातील छायाचित्रांवरून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला गडचिरोली जिल्ह्यातील एका शाळेचा इतिहास फार उपयोगी वाटतो. ही शाळा म्हणजे भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी आश्रमशाळा. ती आपल्या संघटनेची नाही. बाबा आमटे यांचे आणि आपले सर्व विचार जुळत होते असेही नाही. परंतु चांगले काम कोणाचे आहे हे पाहून मग त्यापासून शिकायचे की नाही हे ठरवणे, हा कार्यकर्त्याचा स्वभाव नव्हे.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सुमारे ६५ किलोमीटर दाट अरण्यातून जातो. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम आहे. आज हा भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. १९८२ साली हा जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी तो चंद्रपूर जिल्ह्यातच होता. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे आनंदवन उभे केलेल्या बाबांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे तेव्हा नागपुरात शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते सोडून ते अरण्यात आले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी, म्हणजे मंदाताई, भूलतज्ज्ञ. वीज नाही, पक्का रस्ता नाही, पावसाळ्यात नद्या फुगल्या की जगाशी संबंध तुटलेला, अशा ठिकाणी या दांपत्याने संसार मांडला.

शाळा मात्र लगेच सुरू झाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. येथील माडिया बांधव परक्या माणसाला पाहून रानात निघून जात. शहरातून आलेल्या माणसाचा त्यांना आलेला अनुभवच तसा होता. मूठभर मिठाच्या बदल्यात चारोळीसारखा मोलाचा वनोपज घेऊन जाणारे व्यापारी त्यांनी पाहिले होते. म्हणून आधी दवाखाना आला. हिवतापाने बेशुद्ध झालेला रुग्ण शुद्धीवर येऊन आपल्या पायांनी गावी परतला, की त्याच्यामागून त्याचा गाव येई. डॉक्टर स्वतः माडिया भाषा शिकले. अशी दोन-अडीच वर्षे गेल्यावर, १९७६ साली, आश्रमशाळा सुरू झाली. आधी विश्वास आणि मग फळा, असा तो क्रम होता. आपण पुष्कळदा फळा आधी नेतो आणि मुले टिकत नाहीत म्हणून पालकांना दोष देतो.

येथेही मुले सहजासहजी टिकली नाहीत. रात्रीतून पळून जात, मैलोन्‌मैल जंगल तुडवून घरी पोहोचत. शिक्षक पुन्हा पाड्यापाड्यांवर जाऊन त्यांना घेऊन येत. मुले का पळत, याचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे. माडिया ही द्रविड कुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. आपण ज्याला पाणी म्हणतो त्याला ती मुले ‘येर’ म्हणतात. सहा वर्षांच्या मुलाला तहान लागली आहे आणि ती सांगायची कोणाला हे त्याला कळत नाही, अशी ती अवस्था होती. शिवाय या मुलांना शिक्षण ठाऊक नव्हते असेही नाही. गावचा गोटुल ही तरुणांना रीतिरिवाज, गाणी, सामूहिक काम आणि शिस्त शिकवणारी संस्थाच होती. अडाणी मूल आणि ज्ञानी शाळा अशी ही भेट नव्हती. एका विद्येची दुसऱ्या विद्येशी ती भेट होती. हे ओळखणारे शिक्षक भेटले म्हणून शाळा रुजली. पुढे माडिया भाषेत वाचनपुस्तिकाही तयार झाल्या.

त्या परिसरातील जीवनही आगळे. शाळेच्या शेजारीच वन्यप्राण्यांचे अनाथालय आहे. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू प्रकाशभाऊंनी शिकाऱ्यांकडून मागून घेतले, तेथून त्याचा आरंभ झाला. पुढे बिबटे, अस्वले, हरणे आली. ज्यांच्या घरी शिकार हाच पोटाचा आधार होता, त्या मुलांनी आपल्याच आवारात बिबट्याला माणसाच्या अंगाखांद्यावर खेळताना पाहिले. पोरकी पिल्ले मग गावातून प्रकल्पात येऊ लागली. हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता.

आणि आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रकाशभाऊ आणि मंदाताई यांची मुले दिगंत, अनिकेत आणि आरती कोठे शिकली? याच आश्रमशाळेत, माडिया मुलांच्या शेजारी बसून. मुलांना नागपूर-पुण्याला नातेवाइकांकडे ठेवणे त्यांना अशक्य नव्हते आणि कोणी नावेही ठेवली नसती. पण तसे झाले असते, तर ती शाळा ‘त्यांच्या’ मुलांसाठी राहिली असती. संस्थापकाचे मूल ज्या वर्गात बसते, त्या वर्गाचे छप्पर गळत असेल, शिक्षक येत नसेल, डाळ पातळ असेल, तर ते संस्थापकाला त्याच संध्याकाळी कळते. त्यासाठी वेगळी तपासणी समिती लागत नाही. पुढे दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत अभियंता झाले आणि दोघेही हेमलकशालाच परतले.

या शाळेतून शिकलेल्या माडिया मुलांतून डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस घडले. त्यांतील कित्येक जण आपल्याच जिल्ह्यात सेवा देत आहेत. ज्या अरण्यात अनेक दशके बंदूकही तरुणांना आपल्याकडे ओढत होती, तेथे पाटी-पुस्तकाने दुसरी वाट दाखवली. आमटे दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१५ साली भामरागड तालुक्यातच नेलगुंडा येथे साधनाताईंच्या नावाने आणखी एक शाळा सुरू झाली. परंतु माझ्या दृष्टीने पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शिकलेला मुलगा सुटीत घरी गेला तर आईशी माडियात बोलतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. गाव सोडायला लावणारे शिक्षण सोपे असते. गावाकडे मान ताठ ठेवून परतू देणारे शिक्षण अवघड असते.

बंधूंनो, आपण समरसता हा शब्द फार वापरतो. हेमलकशाच्या वर्गात तो शब्द कोणी उच्चारला नसेल, पण ती तेथे बसण्याच्या जागेत होती. १९५२ साली जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवणारे रमाकांत केशव तथा बाळासाहेब देशपांडे हेही आपल्या विदर्भातले, अमरावतीचे. वकिली करणारा तो माणूस सेवेसाठी वनवासी बांधवांतच राहिला. दुरून मदत पाठवणे आणि जवळ जाऊन राहणे यांतला फरक त्यांनीही जगून दाखवला आहे.

तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे आहे. आपण ज्या वसतिगृहाला साह्य करतो तेथे पुढच्या वेळी जाताना शाल, श्रीफळ आणि छायाचित्रकार नेऊ नका. आपला स्वतःचा मुलगा किंवा मुलगी न्या. त्यांना चार दिवस तेथे राहू द्या. त्याच ताटात जेवू द्या, त्याच पाण्याने आंघोळ करू द्या, त्याच सतरंजीवर झोपू द्या. चौथ्या दिवशी स्वतःला विचारा, माझे मूल येथे वर्षभर ठेवायला माझे मन धजेल काय? धजत असेल, तर ती शाळा चांगली आहे, निर्धास्तपणे साह्य वाढवा. धजत नसेल, तर जे खुपले ते आपल्या कार्यकर्त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि ते दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करा. गळके छप्पर असो, आजारी मुलाची रात्री विचारपूस करायला त्याची भाषा जाणणारे कोणी नसो, मुलींच्या स्नानगृहाला कडी नसो, ही उणीव दुसऱ्याच्या मुलाला सोसायला लावण्याचा अधिकार आपल्याला देणगीने मिळत नाही.

आपल्या मुलांनाही या चार दिवसांत काही मिळेल. झाडाचे नाव, वाऱ्याची दिशा, नदीचा उतार ओळखणारा समवयस्क मित्र त्यांना भेटेल. कोणी कोणाला शिकवायचे, हा प्रश्न तेथे आपोआप मिटेल. दाता आणि याचक हे नाते संपून भाऊ आणि भाऊ हे नाते सुरू होईल. आपण ‘वनवासी बंधू’ म्हणतो. त्यातला ‘बंधू’ हा शब्द खरा करण्याची जबाबदारी आपली आहे.

येत्या उन्हाळी सुटीपूर्वी आपल्यापैकी किमान दहा कुटुंबांनी असे चार दिवस ठरवावेत, एवढीच माझी विनंती आहे. नावे आजच, सभागृह सोडण्यापूर्वी, कार्यवाहांकडे द्यावीत. माझ्या घरातील नाव मी आरंभीच दिले आहे.