गाडी आपली, बोलायचंही आपणच
(गाडी चालवणाऱ्या बायकांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, गाडी बाईची असली तरी गॅरेजवाला बोलतो बरोबरच्या पुरुषाशी. म्हणून आज मारुती ८०० बद्दलच बोलते. मूळ जपानच्या सुझुकीची ही गाडी. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी आपल्यातल्या काही जणी अजून तीच चालवतात.

७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन. त्याचा मोठा शत्रू उष्णता. हेड अ‍ॅल्युमिनियमचं; फार तापलं की वाकतं, गॅस्केट जातं, मग खर्च हजारांत. काटा लालकडे सरकला की ‘घर जवळच आहे’ म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. आठवड्यातून एकदा, इंजिन गार असताना, कूलंट बघा. सारखं उतरत असेल तर नुसतं पाणी ओतत बसू नका, गळती शोधायला लावा.

दुसरा टायमिंग बेल्ट. रबरी आहे, गाडी नुसती उभी असली तरी जुना होतो. तुटला की गाडी जागच्या जागी बंद, मग रात्र असो की घाट. कधी बदलला ते वहीत लिहा.

आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. हसतील. हसू देत. बिलाबरोबर तो हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.