भोपाळचे विष अजून जमिनीत आहे



२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ स्टेशनवर ड्यूटी करणारे आपले रेल्वे कामगारही युनियन कार्बाइडच्या विषारी वायूला बळी पडले. आम्ही ते विसरलेलो नाही. त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडावे लागले, तेही हायकोर्टाने चार आठवड्यांची मुदत दिल्यावर! बारा कंटेनर पीथमपूरला गेले. तिथली जनता रस्त्यावर उतरली. जूनअखेर कचरा जाळून झाला. राख मात्र उरलीच. आणि कारखान्याभोवतीची माती, जमिनीखालचे पाणी? ते काही कंटेनरमध्ये भरून नेता येत नाही. तेही साफ करा, खर्च कंपनीकडून वसूल करा आणि हे काम करणाऱ्या कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी करा, अशी आमची मागणी आहे.