भिंतीवरचे स्वप्न आणि मुलांची कविता

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या बाजूला वारल्यांच्या घरी लग्न निघाले की आधी एक भिंत तयार होते. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचे सारवण, वर गेरूचा हात. मग तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पाण्यात, टोक चघळून मऊ केलेली काडी बुडवून सवासिनी चौक काढतात. चित्र काढण्याला आपल्या जुन्या मराठीत 'चित्र लिहिणे' म्हणत, हे मला मोठे अर्थाचे वाटते. कारण आज बोलायचे आहे ते लिहिण्याबद्दलच. मुलांनी, आणि मोठ्यांनीही, अशा भिंती पाहून स्वप्नासारखी कविता कशी लिहावी याबद्दल.

चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. भोवती साखळीसारखी नक्षी. आणि चौकटीच्या आत आणखी काय असते? सूर्य असतो, चंद्र असतो, आणि त्यांच्या शेजारी केस विंचरायची फणी असते, एक शिडी असते. आता पाहा, सूर्य आणि फणी एका ओळीत! सूर्य मोठा म्हणून फणीने मागे सरावे, असे तिथे काही नाही. दिवस असेल तर चंद्र कसा, हेही कोणी विचारत नाही. लग्नघराला दोन्ही हवेत, म्हणून दोन्ही आले.

तारप्याच्या नाचाचे चित्र तर तुम्ही पुष्कळांनी पाहिले असेल. नाचणाऱ्यांचा फेर गोल वळत जातो, मध्ये तारपा वाजवणारा उभा. तो फेर झाडावर चढून खाली पाहावे तसा दिसतो, पण नाचणारी माणसे मात्र समोरून पाहिल्यासारखी उभी असतात. पाहणारा एकाच वेळी झाडावरही आहे आणि अंगणातही आहे. हे जागेपणी जमत नाही. झोपेत मात्र आपल्या सर्वांना जमते.

ही कला आता भिंतीपुरती राहिलेली नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ती कागदावर आली. बायकांनी लग्नात काढायचे चित्र जिव्या सोमा म्हसे यांनी रोजचे केले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. बारीक रेघांचे ते जाळे इतके पसरते की नदी कुठे आणि जाळे कुठे, हे सांगता येऊ नये. पण जाळे मात्र नेमके जाळेच आहे. त्याची वीण चुकलेली नाही.

मला सांगायचे आहे ते इथेच. स्वप्नाची कविता लिहा म्हटले की मुले काय लिहितात, हे गुरुजींना ठाऊक आहे. परी, ढगांचा महाल, इंद्रधनुष्य, सोनेरी पंख. यातले काहीच त्या मुलाने हाताळलेले नसते. पुस्तकातून उचललेले धुके ते! स्वप्न धुक्याने होत नाही. ते ओळखीच्या वस्तूंनी होते. फक्त त्या नेहमीची जागा सोडून दुसरीकडे येऊन बसतात. फणी, शिडी, कणगी, मुसळ. वस्तू जितकी खरी, तितके स्वप्न पक्के.

उदाहरण म्हणून चार ओळी मीच जुळवून सांगतो, यमकाच्या नादी न लागता:

फणी आभाळात उभी आहे,
तिच्या दातांतून पाऊस विंचरून खाली येतो.
शिडीला शेवटची पायरी नाही;
चंद्र तिथे बसून भात कांडतो.

यात 'जणू' नाही, 'सारखा' नाही. भिंतीवरची बाई 'चंद्रासारखे काहीतरी' काढत नाही, चंद्रच काढते. म्हणून मुलांना एवढी एकच अट घालावी: तुलना करायची नाही, आहे म्हणून सांगायचे. पाऊस विंचरला जातो म्हणजे जातो.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात वारली चित्र कुठून आणू? आणू नका. देवघरातला जिवतीचा कागद पाहा ना! श्रावणात लावतो तो. मांडीवर लेकरे घेतलेल्या जिवत्या, जवळ पाळणा, आणि खाली हत्तीवर एक, वाघावर एक असे बुध-बृहस्पती. पाळण्याच्या इतक्या जवळ वाघ, आणि मूल मुळीच घाबरत नाही! यावर तिसरीतले पोरसुद्धा पाच ओळी लिहील. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग आहेत, रांगोळी आहे. जे आपल्या दारात आहे ते घ्यावे.

आणि दुसऱ्याच्या दारातले घेताना थोडे जपून घ्यावे. पालघट ही लग्नाची देवता आहे. ती ताटावर, पिशवीवर छापून मोकळे होणे मला रुचत नाही. कवितेतही तिला उगीच शोभेला ओढू नये. पाड्यावरच्या मुलाने तिच्यावर लिहिले तर ते त्याच्या घरचे आहे. इतरांनी आधी त्या मुलाला विचारावे, हे काय आहे रे? तो सांगेल ते ऐकावे. पुष्कळ शाळांत हे मूल सर्वांत मागे गप्प बसलेले असते, कारण त्याची बोली वर्गात चुकीची ठरते. भिंतीची गोष्ट निघाली की वर्गात सर्वांत जास्त माहिती त्यालाच असते.

तेव्हा गुरुजी आणि बाई, अशा कवितेच्या तासाला लाल शाई जरा बाजूला ठेवा. मुलाच्या कवितेत घरच्या बोलीतला एखादा शब्द आला तर तो खोडू नका. त्याचा अर्थ त्यालाच विचारा आणि तो शब्द, त्याने उच्चारला तसाच, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.