मार्तांडमची मधुविद्या
(हीरक महोत्सवी व्याख्यान)



विद्या माणसांच्या सहवासातच टिकते. हे विधान जिथे खरोखर कसोटीस लागले, असे एक गाव कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. त्याचे नाव मार्तांडम.

हा प्रदेश त्रावणकोर संस्थानात असताना, १९२० नंतरच्या दशकात, स्पेन्सर हॅच या अमेरिकन गृहस्थांनी तेथे वाय.एम.सी.ए.चे ग्रामसुधारणा केंद्र चालविले. तुटपुंज्या शेतीला जोड म्हणून जे उद्योग तेथे शिकविले जात, त्यांत मधमाशीपालन होते. त्यापूर्वीच, १९११ ते १९१७ या काळात, तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी लहान चणीच्या देशी माशीला मानवेल अशी पेटी बेतली होती. ही देशी माशी म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरांतली आपली सातेरीच. ढोलीतले पोळे पिळले की मधाबरोबर अंडी-अळ्याही चिरडत. सुट्या चौकटींमुळे पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. १९३७ मध्ये तेथील मधपाळांनी आपली सहकारी संस्था स्थापन केली.

पेटी विकत मिळते. ती केव्हा उघडावी, हे जाणत्यांकडूनच शिकावे लागते. नवशिका झाकण काढताच राणीमाशी शोधू लागतो. जाणता मधपाळ त्याला तेथेच थांबवतो: राणी शोधू नका, अंडी पाहा. अंडे तीन दिवसांनी फुटते. म्हणून कोठ्यांत अंडी दिसली, की तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी नांदत होती हे कळले. पेटी मिटावी.

जानेवारीच्या सुमारास रबराला नवी पालवी फुटते आणि पानांच्या देठांवरील ग्रंथींतून मकरंद पाझरू लागतो. फुलाविना मिळणारा हा मध मार्तांडमचे मुख्य पीक. त्याआधी वसाहती भरभरून वाढलेल्या हव्यात. तयारी उशिरा सुरू करणाऱ्याचा हंगाम गेलाच म्हणून समजावे. पुढे पावसात चारा आटतो, तेव्हा साखरेचा पाक द्यायचा, तोही संध्याकाळी आणि न सांडता; नाहीतर शेजारच्या पेट्यांतील माश्या लुटीला येतात. आठवडाभराच्या शिबिरात पेटीचे भाग पाठ होतात खरे, पण उपासमारीतली पेटी शिबिरात कोण दाखवणार?

या शिक्षणाची खरी परीक्षा १९९१-९२ च्या सुमारास झाली. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातील बहुसंख्य देशी वसाहती नष्ट केल्या. पूर्ण वाढलेली अळी कोष होण्याआधीच मरून पाण्याच्या पिशवीसारखी होते. रोगावर औषध नाही. पेट्या रिकाम्या पडल्या आणि अनेकांचे उत्पन्न एका फटक्यात गेले. विदेशी माशी आणून पाहण्याचेही प्रयत्न झाले.

तरीही काही वसाहती तगल्या होत्या. त्या ओळखायच्या कशा? त्यासाठी निरोगी आणि रोगट अळी यांतला भेद नजरेत मुरलेला असावा लागतो. अशा वसाहती वेगळ्या राखणे, रोगट पेटीतील चौकट दुसरीत न घालणे आणि तगलेल्यांचीच विभागणी करून नव्या राण्या वाढवणे, हे काम वर्षानुवर्षे चालले. मधपाळांची हात धरून शिकवण्याची रीत तेव्हा मोडली असती, तर पेटी भरण्याआधी माणसेच संपली असती. आज मार्तांडमच्या रबरमळ्यांत पालवीच्या दिवसांत पेट्या ओळीने मांडलेल्या दिसतात, आणि त्यांतली माशी देशीच असते.